बांधकामावरचा यंत्रमानव आणि नाक्यावरचा माणूस

यंत्राविषयी आपल्या चळवळीत दोन मते सतत ऐकू येतात. एक मत असे की, यंत्र आले म्हणजे बिगाऱ्याची भाकरी गेली, म्हणून त्याला विरोध केला पाहिजे. दुसरे मत असे की, यंत्र म्हणजे प्रगती. ते आज ना उद्या माणसाला धुळीतून, घाणीतून आणि धोक्यातून बाहेर काढणारच, आपण वाट पाहावी. दोन्ही मते मांडणारे कार्यकर्ते प्रामाणिक आहेत. पण दोघेही यंत्राकडे पावसासारखे पाहतात. ते येते किंवा येत नाही, इतकेच. वस्तुतः यंत्र कोठे येते, कोठे येत नाही आणि कोणाच्या जागी येते, याला इतिहास आहे. बांधकाम मजुराच्या छातीला धूळ लागू नये म्हणून यंत्रमानव वापरावा, ही चर्चा आज जगभर चालू आहे. ती नवी नाही. या चर्चेच्या मागे पाऊणदोनशे वर्षांचा हिशेब आहे आणि तो मांडल्याशिवाय आपली भूमिका ठरवता येणार नाही.

हिशेबाची सुरुवात आपल्या घरापासून करू. मुंबई-पुणे रेल्वेने प्रवास करताना खंडाळ्याच्या घाटात बोगदे लागतात. ते काम १८५६ ते १८६३ या काळात झाले. जेम्स बर्कली हा इंग्रज अभियंता. त्याचे नाव इतिहासात आहे. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ मध्ये हिंदुस्थानात येताच वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवले. तिचेही नाव आहे, आणि कौतुकाने घेतले जाते. कड्यावरून दोराने लोंबकळत, हातोडा आणि पहारीने सुरुंगाची भोके पाडणाऱ्यांची नावे नाहीत. एका वेळी चाळीस हजारांवर माणसे त्या घाटात राबत होती. कोकणातून आणि घाटमाथ्यावरून आलेले हे मजूर. त्यांत वडार होते, महार होते. पटकीने आणि तापाने माणसे हजारोंनी गेली. अभियंत्यांनी टिपणे ठेवली ती दगडाच्या जातीची, सुरुंगाच्या दारूची आणि खर्चाची.

याच वर्षांत युरोपात फ्रान्स आणि इटली यांच्यामध्ये आल्प्स पर्वत फोडून माँ सेनीचा बोगदा खणला जात होता. १८५७ मध्ये तिथेही काम हातानेच सुरू झाले. पण १८६१ मध्ये जेर्मां सोमेयर या अभियंत्याने दाबलेल्या हवेवर चालणारे ड्रिल तिथे बसवले. त्यातून सुटणारी हवा बोगद्यात खेळती राही, त्यामुळे आत श्वास घेणेही सोपे झाले. एकीकडे आल्प्समध्ये यंत्र, दुसरीकडे सह्याद्रीत हात. अंतर फक्त ज्ञानाचे होते असे म्हणता येत नाही, कारण रेल्वेचे इंजिन आणि लोखंडी पूल विलायतेहून जहाजात घालून आणले जातच होते. ड्रिल आणण्याची गरज कोणाला वाटली नाही. दुष्काळाने आणि गावगाड्याने हाकललेली माणसे इथे त्याहून स्वस्त होती.

पण यंत्र आले की सुटका झाली, असेही इतिहास सांगत नाही. हवेच्या ड्रिलने हात वाचवले आणि फुप्फुसे घेतली. हातोड्याने दगड फोडताना उडते ती कपची. ड्रिलने उडते ते पीठ. डोळ्यांना न दिसणारे गारगोटीचे कण छातीत खोल उतरतात, तिथे व्रण धरतात, फुप्फुस दगडासारखे होत जाते आणि त्यावर क्षय सहज बसतो. यालाच सिलिकोसिस म्हणतात. त्यावर औषध नाही. अमेरिकेतल्या खाणींत कोरड्या ड्रिलला मजुरांनी ठेवलेले नाव ‘विधवा करणारे’ असे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डेन्व्हरच्या जॉर्ज लेनर याने ड्रिलच्या पोकळ दांड्यातून पाणी सोडण्याची युक्ती काढली. पाण्याने धूळ जागीच बसते. म्हणजे विसावे शतक उजाडले तेव्हा धुळीवरचा उपाय माहीत होता. तो महागही नव्हता. पाणी लागत होते.

आता १९३० साली या. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात गॉली ब्रिजजवळ हॉक्स नेस्ट नावाचा बोगदा सुरू झाला. नदीचे पाणी वळवून वीज करायची आणि ती युनियन कार्बाइडच्या उपकंपनीच्या कारखान्याला पुरवायची, असा बेत. डोंगर जवळजवळ शुद्ध गारगोटीचा. मंदीचे दिवस. बोगद्यात उतरलेल्या सुमारे तीन हजार मजुरांपैकी बहुतेक काळे, दक्षिणेकडून पोटासाठी आलेले. पाणी सोडून ड्रिल चालवले तर काम हळू होते, म्हणून कोरडे ड्रिल चालवले गेले. पाहणीला येणारे अधिकारी तोंडाला मास्क लावत. मजुरांना मास्क नव्हते. सिलिकोसिसला साधारणपणे दहा-वीस वर्षे लागतात. इथे माणसे वर्षा-दोन वर्षांत मेली. मेलेल्या काळ्या मजुरांना गोऱ्यांच्या स्मशानात जागा नव्हती, म्हणून कित्येकांना मक्याच्या शेतात पुरले. १९३६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे ४७६ मृत्यूंचा आकडा आला. पन्नास वर्षांनी, १९८६ मध्ये, मार्टिन चेर्नियाक या डॉक्टरने कागदपत्रे चाळून अंदाज केला तो ७६४ चा. चेर्नियाकचे पुस्तक येण्याच्या दोनच वर्षे आधी, डिसेंबर १९८४ मध्ये, याच युनियन कार्बाइडच्या भारतीय कंपनीचा वायू भोपाळच्या झोपडपट्ट्यांवर पसरला होता.

हॉक्स नेस्टविषयी लिहिताना बरेच लेखक ‘अज्ञान’ हा शब्द वापरतात. मला तो पटत नाही. अधिकाऱ्याच्या तोंडावरचा मास्क अज्ञानातून आलेला नव्हता. ज्ञान होते, ते कोणाच्या तोंडाला बांधायचे, हेही ठरलेले होते.

हे ध्यानात ठेवून जपानकडे वळू. बांधकामावरच्या यंत्रमानवाचा खरा इतिहास तिथला आहे. आपल्याकडे तो कौतुकाच्या सुरात सांगितला जातो आणि अर्धाच सांगितला जातो.

पोलादी सांगाड्याची उंच इमारत बांधली की एक अडचण येते. पोलाद जळत नाही, पण आगीत साधारण साडेपाचशे अंश सेल्सिअसला त्याची निम्मी ताकद जाते आणि तुळया वाकतात. म्हणून तुळया आणि खांब यांवर आगीला अडवणारा थर फवारतात. जपानमध्ये आधी यासाठी ॲस्बेस्टॉस फवारत. त्याच्या तंतूंनी कर्करोग होतो हे कळल्यावर १९७५ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या फवारणीवर बंदी आली; तरी थोडे प्रमाण असलेली मिश्रणे पुढे काही वर्षे चालूच राहिली. नंतर दगड वितळवून काढलेले लोकरीसारखे तंतू, म्हणजे रॉकवूल, सिमेंटच्या पाण्यात मिसळून फवारू लागले. परांचीवर उभे राहून, मान वर करून, डोक्यावरच्या तुळईवर फवारा मारायचा. जे चिकटत नाही ते तोंडावर येते. मास्क, चष्मा, अंगभर कपडे घालून उन्हाळ्यात हे काम करणे म्हणजे काय, ते स्लॅबखाली सेंट्रिंग काढणाऱ्यालाच समजेल.

१९८३ मध्ये शिमिझू या मोठ्या बांधकाम कंपनीने या कामासाठी एसएसआर-१ नावाचा यंत्रमानव उतरवला. चाकांवर फिरणारा गाडा, त्यावर माणसाच्या हातासारखा वळणारा दांडा, दांड्याच्या टोकाला फवाऱ्याची तोटी. बांधकामाच्या प्रत्यक्ष जागी चाललेल्या पहिल्या यंत्रमानवांत याची गणना होते. त्याआधी वर्षभर वासेदा विद्यापीठात युकिओ हासेगावा यांच्या पुढाकाराने विद्यापीठ आणि कंपन्या यांचा संयुक्त प्रकल्प सुरू झाला होता. १९८४ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अभियंत्यांनी आपल्या निबंधांत यंत्रमानवाची जी कारणे दिली त्यांत मजुराचे आरोग्य आणि सुरक्षितता ही होती. त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. अडचणीही त्यांनी मोकळेपणाने सांगितल्या. फवारा यंत्र भराभर मारी, पण ते मजल्यावर चढवणे, जागेवर लावणे, त्याला तुळई दाखवून देणे यात वेळ जाई, आणि कोपऱ्यातले काम शेवटी माणसालाच करावे लागे. कारखान्यात वस्तू यंत्रापाशी येते; बांधकामावर यंत्राला वस्तूपाशी जावे लागते, आणि तीही रोज बदलत असते. बिगाऱ्याचे काम ‘बिनकौशल्याचे’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

१९८० च्या दशकात जपानी कंपन्यांनी गिलावा घोटणारे, तुळया वेल्ड करणारे, भिंती रंगवणारे असे शंभराहून अधिक प्रकारचे यंत्रमानव तयार केले. का केले? कारण पैसा वाहत होता, जमिनीचे भाव आकाशाला भिडले होते आणि जपानी तरुण बांधकामाकडे फिरकत नव्हता. त्या काळी तिथे ‘तीन के’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. कित्सुई, कितानाई, किकेन. म्हणजे कष्टाचे, घाणीचे, धोक्याचे. असे काम कोणी करायचे? उत्तर दोन ठिकाणी शोधले गेले. एक प्रयोगशाळेत. दुसरे नाक्यावर.

जपानी भाषेत नाक्याला ‘योसेबा’ म्हणतात. टोकियोचा सान्या आणि ओसाकाचा कामागासाकी हे दोन मोठे नाके. पहाटे मजूर जमतात, ‘तेहाईशी’ म्हणजे मुकादम गाडी घेऊन येतो, बोटाने माणसे निवडतो. तेहाईशीच्या मागे गुंडांच्या टोळ्या असत. टोकियोचे उंच मनोरे, १९६४ चे ऑलिंपिक, ओसाकाचे १९७० चे जागतिक प्रदर्शन हे या माणसांच्या पाठीवर उभे राहिले. ही माणसे कोण? गाव सोडलेले शेतमजूर, बंद पडलेल्या खाणींतले कामगार, कोरियन वंशाचे, ओकिनावाचे, आणि बुराकू.

बुराकू म्हणजे कोण, हे या नियतकालिकाच्या जुन्या वाचकांना सांगायला नको. विद्यार्थ्यांसाठी थोडे सांगतो. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, गुन्हेगारांना फाशी देण्याच्या कामी राबणे ही कामे ज्यांच्यावर लादली गेली तो हा समाज. दिसायला, बोलायला, धर्माने इतर जपान्यांसारखाच, तरीही अस्पृश्य. १८७१ च्या फर्मानाने कायद्याने मुक्त झाला. १९२२ मध्ये क्योतो येथे त्यांनी ‘सुइहेइशा’ ही समतेची संघटना उभारली, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधी. आणि १९७५ मध्ये असे उघडकीस आले की, बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांची छापील यादी गुपचूप विकली जाते आणि दोनशेहून अधिक कंपन्यांनी ती घेतली आहे. कशासाठी? नोकरीसाठी आलेल्या मुलाचा पत्ता ताडून पाहण्यासाठी. कायमच्या नोकरीचे दार असे बंद झाले की माणूस कोठे जातो, ते आपल्याला ठाऊक आहे.

१९६१ च्या ऑगस्टमध्ये कामागासाकीत एका म्हाताऱ्या मजुराला टॅक्सीने धडक दिली. पोलिसांनी तो मेला असे धरून त्याला रस्त्यावर चटईखाली तसाच ठेवला. त्यावरून दंगल पेटली आणि कित्येक दिवस चालली. सरकारने काय केले? १९६६ मध्ये कामागासाकीचे सरकारी नाव बदलले आणि त्याच वर्षी टोकियोच्या नकाशावरून सान्या हे नावच काढून टाकले. महारवाड्याची पाटी बदलून ‘नगर’ लिहिण्याची कला केवळ आपल्याच नगरपालिकांना येते असे नाही.

एसएसआर-१ आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८४ च्या डिसेंबरात, सान्यातल्या मजुरांवर आणि त्यांच्या मुकादमांवर माहितीपट करणारे दिग्दर्शक मित्सुओ सातो यांचा टोळीवाल्यांनी खून केला. त्यांचा चित्रपट पुरा करणारे क्योइची यामाओका यांचाही जानेवारी १९८६ मध्ये खून झाला. एकाच शहरात, एकाच दोन-तीन वर्षांत, मजुराच्या छातीत धूळ जाऊ नये म्हणून यंत्रमानव घडत होता आणि त्याच मजुराची मजुरी कोण खातो असे विचारणारे मारले जात होते. जपानच्या प्रगतीच्या पुस्तकांत पहिली गोष्ट असते.

१९९१ पासून जमिनीचे भाव कोसळू लागले. कंपन्यांचे पैसे आटले आणि बहुतेक यंत्रमानव गोदामात गेले. मजुराची फुप्फुसे काही तेवढ्यात धडधाकट झाली नव्हती. धूळ तीच होती. बदलले ते एवढेच की माणूस पुन्हा स्वस्त झाला. १९९० मध्ये ब्राझील आणि पेरूमधल्या जपानी वंशाच्या लोकांना कामासाठी दार उघडले गेले. १९९३ मध्ये ‘तांत्रिक प्रशिक्षणार्थी’ या नावाखाली आशियातल्या गरीब देशांतून तरुण आणण्याची योजना सुरू झाली. पुढे देश म्हातारा होत गेला, गवंडी साठीच्या घरात पोचले, आणि २०१८ च्या सुमारास त्याच शिमिझू कंपनीने वेल्डिंग करणारे, छताचे तक्ते बसवणारे, सामान वाहणारे नवे यंत्रमानव आणले. २०२४ च्या एप्रिलपासून बांधकामातल्या जादा कामाच्या तासांवर तिथे कायद्याची मर्यादा आली आहे, त्यामुळे आता यंत्रमानवाला पुन्हा चांगले दिवस आहेत.

एक प्रसंग या सगळ्यावर प्रकाश टाकतो. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाची अणुभट्टी फुटली. जग म्हणाले, जपानकडे यंत्रमानव आहेत, तेच आत जातील. यंत्रमानव गेलेही, पहिले गेले ते अमेरिकेतून आणलेले. पण त्याच वसंतात कामागासाकीच्या नाक्यावरून एका मजुराला मियागी प्रांतात ट्रक चालवण्याचे काम आहे असे सांगून नेले आणि प्रत्यक्षात फुकुशिमाच्या आवारात कामाला लावले. यंत्रमानवांच्या देशात, यंत्रमानवाला सर्वांत योग्य अशा जागी, नाक्यावरचा माणूस उभा होता.

मग आपण यंत्राला विरोध करायचा का? बाबासाहेबांनी याचे उत्तर १९४५ मध्येच दिले आहे. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा पंचनामा करणाऱ्या आपल्या ग्रंथात त्यांनी गांधीवादावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. तिथे ते चरख्याच्या अर्थशास्त्राला स्पष्ट नकार देतात. पशूचे जिणे आणि माणसाचे जिणे यांतला फरक फुरसतीने पडतो; फुरसत यंत्राशिवाय मिळत नाही; आणि यंत्रामुळे जी हानी होते तिचा दोष यंत्राचा नसून खासगी मालकीला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. हा युक्तिवाद करणारा माणूस तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होता. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी कारखाना कायद्याची १९४६ ची दुरुस्ती त्याच कारकिर्दीतली आहे. यंत्र हवे, आणि ज्या व्यवस्थेत यंत्र येते तीही बदलायला हवी, अशी ही दुहेरी भूमिका आहे. आपण तिचा अर्धा भाग घेतो. कोणी पहिला, कोणी दुसरा.

१९३६ मध्ये त्यांनी जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे सांगितले होते. यंत्राच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की, जपानमध्ये मजूर महाग झाला की यंत्र येते. पण जिथे काही माणसे जन्माने स्वस्त ठेवलेली असतात तिथे तेवढ्यानेही येत नाही. गटाराचे उदाहरण सर्वांसमोर आहे. १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये दुसरा झाला. २०१८ पासून केरळच्या तरुण अभियंत्यांनी घडवलेला, मॅनहोलमध्ये उतरणारा ‘बॅन्डिकूट’ हा यंत्रमानव उपलब्ध आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याच्या वारसाला तीस लाख रुपये द्यावेत असा निर्णय दिला. तरी माणसे उतरतात आणि मरतात. केंद्र सरकारनेच २०२४ मध्ये नोंदवलेल्या गटार-कामगारांत सुमारे ६९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले. यंत्र तयार आहे, कायदा तयार आहे, आणि माणूसही तयार ठेवलेला आहे.

बांधकामाचे तेच. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील फरशी आणि ग्रॅनाइट कापायचे काम करतात. हातातल्या कटरने, कोरडेच. संध्याकाळी भुवयांपर्यंत पांढरे होऊन घरी येतात. वर्गात मी यंत्रमानवाची गोष्ट सांगितली तेव्हा त्याने विचारले, ‘सर, यंत्र आलं तर पप्पा काय करतील?’ हा प्रश्न विनोदाने उडवण्याजोगा नाही. माझ्या आजीने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली. तिच्या कामावर खडीचे यंत्र आणले असते तर तिची छाती वाचली असती आणि घर उपाशी मेले असते. म्हणून ‘यंत्र आणा’ एवढीच मागणी पुरी पडत नाही. यंत्रावर बसणारा माणूस कोण, त्याचे प्रशिक्षण कोणाच्या पैशाने, वाचलेल्या वेळेची मजुरी कोणाला, हे त्याच दमात विचारावे लागते.

शिवाय, यंत्रमानव येईपर्यंत थांबायचे कारण नाही. कटरला पाण्याची नळी जोडता येते. शंभरावर वर्षांपूर्वी लेनरने शोधलेला तोच उपाय. नळी स्वस्त आहे. पण ओले कापले की चिखल होतो, लादी पुसावी लागते, काम रेंगाळते, म्हणून मुकादम ती जोडू देत नाही. हॉक्स नेस्टचेही कारण हेच होते. माणसाच्या छातीसाठी पाणी सोडायला नकार देणारा समाज आपल्याला नवा नाही.

जपानमध्ये पुढे एक गोष्ट घडली ती आपल्या कार्यकर्त्यांनी अभ्यासावी. ॲस्बेस्टॉसने आजारी पडलेल्या बांधकाम कामगारांनी वर्षानुवर्षे सरकार आणि साहित्य बनवणाऱ्या कंपन्या यांच्याविरुद्ध खटले लढवले. १७ मे २०२१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही जबाबदार धरले. महत्त्वाचे असे की, कायद्याच्या व्याख्येत जे ‘कामगार’ नव्हते, एकटेच ठेका घेऊन राबणारे होते, त्यांच्याबाबतीतही सरकारची जबाबदारी मान्य झाली. त्याच वर्षी भरपाईचा कायदा झाला. बरेच वादी तोवर मेले होते; त्यांच्या विधवा न्यायालयाच्या पायऱ्यांवर त्यांची छायाचित्रे घेऊन उभ्या होत्या.

आपल्याकडे बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला आणि बांधकामाच्या खर्चावर उपकर बसला. हजारो कोटी जमले. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पैशाचा हिशेब मागताना, तो मजुरांपर्यंत पोचलाच नाही, काही ठिकाणी त्यातून लॅपटॉप आणि कपडे धुण्याची यंत्रे घेतली गेली, यावर कठोर ताशेरे ओढले. मजुरांच्या नावाने आलेले यंत्र म्हणायचे तर हेच. मंडळात नाव नोंदवायला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. त्या मुलाचे वडील वर्षाला तीनशे दिवस दगड कापतात, सहा-सात ठेकेदारांकडे. दाखल्यावर सही करायला त्यांतला एकही तयार नाही, कारण सही म्हणजे हा माणूस आपल्याकडे कामाला होता याची कबुली. मुलगा सध्या तोच कागद घेऊन महापालिकेच्या कार्यालयात खेटे घालतो आहे. आधी क्षयाचे औषध सुरू झाले होते. आता डॉक्टरांनी छातीचा फोटो पुन्हा काढायला सांगितला आहे.